जेलमधला व्हॉलीबॉल आणि घरातला राग

पत्र थोडक्यात: कॅलिफोर्नियातून एका वाचक भगिनीनं लिहिलं आहे. त्यांचे धाकटे दीर ३४ वर्षांचे, मूळ सांगलीचे, ग्रीन कार्डवर. मागच्या वर्षी एका पार्टीहून दारू पिऊन गाडी चालवत येताना त्यांनी दुसऱ्या गाडीला धडक दिली आणि त्या गाडीतल्या बाईंचा पाय मोडला. दिरांनी गुन्हा कबूल केला. ऑगस्टच्या मध्यावर कोर्टातूनच त्यांना ८ महिन्यांसाठी काउंटी जेलमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या तुरुंगात, नेलं. आता दर शनिवारी त्यांचा फोन येतो. "वहिनी, आज व्हॉलीबॉल झाला. बुद्धिबळात चौघांना हरवलं. पुशअप्स साठावर गेल्या." हे ऐकून बाईंचे यजमान भडकतात. "तिकडे ती बाई कुबड्या घेऊन चालतेय आणि हा इथे सुट्टी घालवतोय," म्हणतात. जेलच्या दुकानासाठी दर आठवड्याला पाठवत होते ते ४० डॉलर त्यांनी बंद केले, भेटीलाही जाणार नाही म्हणतात. सांगलीत सासूबाईंना सांगून ठेवलंय की तो एका प्रोजेक्टवर आहे आणि तिथे फोन चालत नाही. घरातला दहा वर्षांचा मुलगा काकाशी बोलायचं म्हणून मागे लागतो. बाई विचारतात: "ह्यांचं चुकतंय का? मी ह्यांना न सांगता पैसे पाठवू का? अजून सहा महिने कसे काढायचे?"

ताई, आधी एक साधा हिशेब करू, कारण 'अजून सहा महिने' हे तुमच्या पत्रात तीनदा आलंय. कॅलिफोर्नियात काउंटी जेलमधली वागणूक नीट असली आणि नेमून दिलेलं काम टाळलं नाही, तर प्रत्यक्ष काढलेल्या २ दिवसांचे ४ दिवस धरतात. दंडसंहितेचं ४०१९ कलम. म्हणजे ८ महिन्यांचे साधारण ४. काही गुन्ह्यांत ही सूट बरीच कमी होते. समोरच्या माणसाला गंभीर इजा झाल्याचा ठपका कोर्टाच्या कागदावर स्वतंत्रपणे आला असेल, तर तुमच्या दिरांच्या बाबतीतही होईल. वकिलाला विचारून घ्या. बहुतेक काउंट्यांमध्ये शेरीफच्या, म्हणजे जेल चालवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, वेबसाइटवर नाव टाकलं की सुटकेची अंदाजे तारीख दिसते, तीही बघा. सूट पूर्ण मिळत असेल तर तुमचे दीर एप्रिलमध्ये नव्हे, डिसेंबरच्या मध्यावर दारात उभे राहतील. आठ-नऊ आठवडे राहिलेत. यजमानांना हे माहीत आहे का? नसेल तर आजच सांगा. राग सहा महिने पुरवायचा असतो तेव्हा माणूस तो एका बेतानं धरतो, आणि महिना-दोन महिन्यांत माणूस घरी येणार म्हटलं की दुसऱ्या.

आता व्हॉलीबॉल.

मी काही वर्षं अमेरिकेतल्या एका काउंटी जेलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी वाचनाचा वर्ग घ्यायला जात होते. स्वयंसेवक म्हणून. पहिल्या दिवशी तिथल्या कर्मचाऱ्यानं मला 'यार्ड' दाखवलं. यार्ड म्हटलं की आपल्याला अंगण दिसतं. हे होतं चारी बाजूंनी उंच काँक्रीटच्या भिंती, वर जाळी, आणि जाळीतून दिसणारा आभाळाचा एक चौकोन. एका भिंतीला बास्केटबॉलची रिंग, तिला जाळं नाही. व्हॉलीबॉलसाठी नेटसुद्धा नव्हतं. जमिनीवर पिवळ्या रंगाची रेघ मारली होती, तिलाच नेट मानायचं. पायात नारिंगी रबरी सपाता, त्या धावताना निसटतात म्हणून निम्मे लोक मोज्यांवर खेळत होते. एक म्हातारा गृहस्थ खेळत नव्हता. भिंतीच्या कडेनं गोल गोल चालत होता आणि प्रत्येक फेरीला उन्हाचा एक पट्टा लागला की तिथे दोन सेकंद थांबायचा, डोळे मिटायचा, पुढे जायचा.

तुमच्या यजमानांना ही सुट्टी किती तासांची असते ते विचारा. कॅलिफोर्नियाच्या जेलसाठीच्या किमान नियमांत व्यायामाला आठवड्यातून ३ तास दिलेत. दिवसाला नव्हे, आठवड्याला. टेक्सासमध्येही हिशेब तेवढाच: आठवड्यातून किमान ३ दिवस, प्रत्येकी १ तास. चांगल्या जेलमध्ये याहून जास्त मिळतं, कर्मचारी कमी पडले की तेवढंही कटकटीनंच मिळतं. तुमच्या शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को काउंटीच्या सॅन ब्रूनो इथल्या जेलमधल्या बंदिवानांना तर नुसतं ऊन मिळावं म्हणून केंद्रीय न्यायालयात दावा लावावा लागला. कॅलिफोर्नियात, जिथे आपण वर्षभर उन्हाची तक्रार करतो, तिथे.

आठवड्याचे तास १६८. दीर तुम्हाला फोनवर ३ तासांबद्दल सांगतात. उरलेल्या १६५ बद्दल ते काही बोलत नाहीत, आणि तुम्ही विचारतही नसाल.

मी सांगते. पहाटे साडेचार-पाचला नाश्त्याची हाक येते, कारण स्वयंपाकघराची पाळी तशी लावलेली असते. जेवायला नियमानं कमीत कमी १५ मिनिटं द्यावी लागतात, आणि बऱ्याचदा बरोबर तेवढीच मिळतात. मग गिनती. मग परत बंकवर. साडेदहा-अकराला दुपारचं जेवण, साडेचार-पाचला रात्रीचं. म्हणजे संध्याकाळी पाचनंतर पहाटेपर्यंत पोटात काही नाही. दिवसाचे काही तास 'डेरूम' उघडते. तिथे जमिनीला बोल्टनं ठोकलेली स्टीलची टेबलं, त्यांना जोडलेले गोल स्टूल, वर एक टीव्ही. कोणता चॅनल लावायचा यावर भांडण. ताटली आपटल्याचा, दार सरकल्याचा, कुणीतरी ओरडल्याचा आवाज सतत. रात्री दिवे मंद होतात, पूर्ण विझत नाहीत, कारण कर्मचाऱ्याला माणूस दिसायला हवा. झोप लागते ती तुकड्यातुकड्यानं. अशा ठिकाणी कुणी बुद्धिबळात चौघांना हरवलं, तर त्यानं त्या दिवसाचे दोन तास मारले, एवढंच.

मग फोनवर ते हेच का सांगतात? तुम्ही कधी परगावी होस्टेलवर राहिला असाल तर आठवून बघा, घरी काय लिहायचात. 'मी मजेत आहे, काळजी नसावी.' मेसची आमटी, ढेकूण, पहिल्या महिन्यातलं रडणं, यातलं एक अक्षर कुणी लिहीत नसे. शिवाय जेलमधल्या फोनच्या मागे रांग असते. मागचा माणूस ऐकत असतो, त्याच्यासमोर गळा भरून आलेला चालत नाही. आणि वहिनीला काय सांगायचं? की रात्री दोनला जाग आली आणि त्या बाईंच्या ओरडण्याचा आवाज कानात होता? त्यापेक्षा साठ पुशअप्स बऱ्या. ऐकणाऱ्यालाही त्या झेपतात.

त्यांना पश्चात्ताप झालाय असा दाखला मी देत नाही. मी त्यांना ओळखत नाही. झाला नसेलही. पण व्हॉलीबॉलवरून ते ठरवता येत नाही, आणि व्हॉलीबॉल बंद केल्यानं तो होणारही नाही. यजमान म्हणतात तसं 'गप्प बसू दे, तेव्हाच कळेल' असं खरंच घडतं का? रिकामं बसलेला माणूस आत स्वतःच्या गुन्ह्याचा विचार करतो, अशी बाहेरच्यांची समजूत असते. मी जे पाहिलं त्यात रिकामा माणूस बहुतेक वेळा आपल्यावरच्या अन्यायाचा विचार करत होता. वकिलानं कसं बुडवलं, जज्ज कसा खवट होता, ती गाडी मध्येच कशी आली. ज्यांच्या दिवसाला काही आकार होता, वर्ग होता, लाँड्रीचं काम होता होईतो नेमानं होतं, तेच कधीतरी वर्ग संपल्यावर टेबलाशी रेंगाळून "मला एक पत्र लिहायचंय, शब्द सापडत नाहीत" असं म्हणायचे.

कायद्याच्या अंगानं पाहिलं तरी कोर्टानं तुमच्या दिरांचं स्वातंत्र्य ८ महिन्यांसाठी काढून घेतलंय. अंगाला गंज चढू द्यायचा, असं त्या निकालात लिहिलेलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ च्या एका निकालात माणसाच्या मूलभूत गरजांची उदाहरणं देताना अन्न आणि ऊब यांच्या जोडीला व्यायामाचं नाव घेतलं होतं. आणि हे सगळं कैद्यांवरच्या मायेनं चालतं असंही समजू नका. पत्ते, डॉमिनो, बुद्धिबळाचे पट जेलवाल्यांनाच हवे असतात. साठ रिकामी माणसं एका खोलीत सांभाळण्यापेक्षा साठ खेळणारी माणसं सांभाळणं सोपं, हे कुठल्याही मुंजीच्या घरातल्या आजीला विचारा.

इथे मला मंडालेच्या किंवा धुळ्याच्या तुरुंगाचे दाखले द्यायचा मोह होतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. पण ते राजबंदी होते, आणि तुमचे दीर दारू पिऊन गाडी चालवून आत गेलेत. ती तुलना त्यांना फोनवर ऐकवू नका. आमच्या वर्गातल्या एका मुलाला त्याच्या काकानं अशीच थोर माणसांची यादी पत्रातून पाठवली होती. त्यानं त्या कागदाचे बुद्धिबळाचे मोहरे केले.

यजमानांच्या रागाकडे मात्र मी दुर्लक्ष करणार नाही, कारण त्यात एक गोष्ट अगदी खरी आहे. तुमच्या सगळ्या घरात त्या पाय मोडलेल्या बाईंची आठवण फक्त त्यांना येतेय. तुमच्या पत्रात त्या एका ओळीत आल्या आणि गेल्या. मला वाटतं हा राग थोडा धाकट्या भावावर आहे, थोडा लोक काय म्हणतील यावर, आणि बराचसा स्वतःवर: त्या रात्री 'मी येतो न्यायला' असं आपण का म्हटलं नाही. हे माझं अनुमान, चुकत असेल तर सोडून द्या. पण रागाला कुठेतरी कामाला लावता येईल. कॅलिफोर्नियात पीडित व्यक्तीला नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क थेट राज्यघटनेत आहे. २००८ साली मतदारांनी तो आणखी पक्का केला. तुमच्या दिरांच्या निकालपत्रात भरपाईचा आदेश असणार. विमा कंपनी काय देईल, उरलेलं किती, हप्ते कसे, हे बहुतेक कुणी नीट पाहिलेलं नसतं. यजमानांनी ते हातात घ्यावं. ४० डॉलर बंद केलेत ना? त्यातले काही या भरपाईकडे वळवा आणि भावाला तसं स्पष्ट सांगा: 'यातले इतके तुझ्या नूडल्सना, इतके त्या बाईंच्या औषधाला. बाहेर आलास की तुझ्या पगारातून तू भरायचेस.' भावाला गप्प बसवण्यापेक्षा हे जास्त बोचेल, आणि त्या बाईंच्या हातात काहीतरी पडेल.

एक इशारा. भावनेच्या भरात त्या बाईंना फोन, पत्र, फुलं काही पाठवू नका, तुम्हीही नाही आणि दिरांनीही नाही. संपर्क न करण्याचा कोर्टाचा आदेश असू शकतो. माफीचं पत्र लिहायचं असेल तर ते वकिलाकडे द्यायचं.

पैशाचं. यजमानांना न सांगता पाठवू का, असं विचारलंत. नका पाठवू. एका घरात सासूबाईंपासून एक गोष्ट लपवलेली आहे, तिच्यावर दुसरी रचू नका. पण पूर्ण बंद करणंही मला पटत नाही. जेलच्या दुकानात, कमिसरी म्हणतात त्याला, चैनीच्या वस्तू फार नसतात. साबण, टूथपेस्ट, मोजे, लिहायला कागद-पाकिटं, झटपट कॉफी, आणि संध्याकाळी पाच ते पहाटे पाचमधल्या त्या भुकेसाठी नूडल्सचं पाकीट. नूडल्स हे तिथलं नाणं आहे, त्यावर उधाऱ्या चालतात. ज्याच्या खात्यात काहीच नाही तो कुणाचा तरी मिंधा होतो, आणि जेलमध्ये मिंधेपण महागात पडतं. मी तुमच्या जागी असते तर आठवड्याला १५-२० डॉलर ठरवले असते, यजमानांसमोर ठरवले असते, आणि महिनाभर त्यात वाढ-घट केली नसती. फोनचे पैसे वेगळे धरा. काही काउंट्यांत जेलचे फोन आता फुकट आहेत, सॅन फ्रान्सिस्कोनं २०२० मध्ये सुरुवात केली. राज्याच्या तुरुंगांतले फोन २०२३ पासून फुकट झाले, पण तो कायदा काउंटी जेलला लागू नाही. आपल्या काउंटीचा दर बघा.

आणि फोनवर बोलताना हे विसरू नका की वकिलाशी होणारं बोलणं सोडलं तर बाकी सगळं रेकॉर्ड होतं. त्या रात्री किती प्याले होते, गाडीत कोण होतं, विम्याला काय सांगितलं, ग्रीन कार्डचं काय होईल, यातलं काही फोनवर काढायचं नाही. ग्रीन कार्डसाठी इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठा आणि दीर आत असतानाच गाठा, बाहेर आल्यावर बघू असं म्हणू नका.

मग फोनवर बोलायचं काय? १६५ तासांबद्दल विचारा. 'कसा आहेस' म्हटलं की 'मजेत' येणारच. 'काल रात्री किती वाजता झोपलास?', 'आज जेवणात काय होतं, त्यातलं काय टाकलंस?', 'तुझ्या वरच्या बंकवर कोण आहे?' असं विचारा. दोन-तीन शनिवारी थातुरमातुर उत्तरं मिळतील. चौथ्या शनिवारी मिळणार नाहीत.

आता तुम्ही करण्यासारखं, ज्यात खर्च नाही. दीर सांगलीचे. सांगलीच्या माणसाला व्यायाम शिकवायला मी निघाले तर तालमीतली माती हसेल. पण त्यांना एवढं सांगा की पुशअप्सवरून जोर-बैठकांवर या. काउंटी जेलमध्ये बहुतेक ठिकाणी लोखंडी वजनं मिळत नाहीत, म्हणून तिथली पोरं सगळा व्यायाम अंगाच्या वजनावर करतात, आणि गंमत म्हणजे आपले जोर तिथे 'हिंदू पुशअप' आणि बैठका 'हिंदू स्क्वॉट' या नावानं लोक आधीच ओळखतात. बंक आणि भिंत यांच्यामध्ये माणूस आडवा पडेल एवढी जागा असली की जोरही होतो आणि सूर्यनमस्कारही. पहाटेच्या नाश्त्यानंतर बहुतेक लोक पुन्हा झोपतात. ती शांत वेळ त्यासाठी चांगली. पत्त्यांचा एक खेळही आहे: कॅट फिरवायचा, पान उलटायचं, जेवढा आकडा तेवढे जोर, लाल पान आलं तर तेवढ्या बैठका. ५२ पानं संपेपर्यंत घाम निघतो आणि बघणारे दोघे सामील होतात. फक्त चार जणांना रांगेत उभं करून कुस्तीचे डाव शिकवायला जाऊ नका म्हणावं. कर्मचाऱ्यांना ते मारामारीचं प्रशिक्षण दिसतं, आणि शिक्षेतली ती सूट हातची जायची.

काम मागून घ्यायला सांगा. स्वयंपाकघर, लाँड्री, झाडलोट, जे मिळेल ते. अर्ज करून थांबावं लागतं, पण कामावरच्या माणसाचा दिवस चालतो. वर्ग असतील तर त्यात नाव घालावं, अगदी इंजिनिअरनंही. दारूच्या सवयीवरचा गट असेल तर तिथे पहिल्या रांगेत. तुमच्या पत्रात दारूबद्दल एवढंच आहे की 'त्या दिवशी जरा जास्त झाली'. ताई, ती त्याच दिवशी जरा जास्त झाली होती का? हा प्रश्न मी दिरांनाही विचारीन, पण ते हे सदर वाचत नाहीत आणि तुम्ही वाचता.

पुस्तकं. घरातली पुस्तकं पार्सल करून पाठवाल तर ती परत येतील किंवा फेकली जातील. बऱ्याच जेलमध्ये पुस्तक थेट प्रकाशकाकडून किंवा दुकानाकडून नवंकोरं यावं लागतं, तेही कागदी बांधणीचं. पुठ्ठ्याच्या बांधणीत वस्तू लपवता येतात म्हणून घातलेला असाच एक नियम सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्ये उचलून धरला होता. इंग्रजी पुस्तकं ऑनलाइन दुकानातून थेट जेलच्या पत्त्यावर पाठवा, पत्त्यात बुकिंग नंबर, म्हणजे जेलनं दिरांना दिलेला नंबर, घाला. मराठी पुस्तकं अशी येणं अवघड. त्यावर एक जुना उपाय आहे, हातानं उतरवून पाठवायचं. दर पत्रात तुमच्या आवडीच्या कादंबरीचं एक पान. आता अनेक जेलमध्ये टपाल स्कॅन करून टॅबलेटवर दाखवतात, तरी अक्षर तुमचंच दिसतं. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतलं पत्र तपासणीत काही दिवस अडकू शकतं, म्हणून वर इंग्रजीत एक ओळ लिहा की हे अमुक पुस्तकातलं पान आहे. आठवड्याला दोन पानं गेली तरी पुढे काय झालं हे विचारायला फोन येईल, आणि त्या फोनमध्ये व्हॉलीबॉल नसेल.

मुलाला मध्ये आणा, पण खरं सांगून. दहा वर्षांच्या मुलाला 'काका दारू पिऊन गाडी चालवत होता, एका बाईंना लागलं, म्हणून त्याला काही महिने जेलमध्ये राहायचंय' एवढं कळतं. घरात दबक्या आवाजात काय चाललंय हे त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं. काका बुद्धिबळ खेळतो ना? पत्रानं डाव सुरू करा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पट काढायचा, चाल बाणानं दाखवायची. नुसती चालीची चिन्हं लिहू नका, तपासणाऱ्याला तो गुप्त संदेश वाटायचा. आठवड्याला एक चाल म्हणजे सुटकेपर्यंत डाव निम्माही होणार नाही. राहिलेला घरच्या टेबलावर संपवू दे.

भेटीचं यजमानांवर सोडा, पण तुम्ही जा. कॅलिफोर्नियात किमान नियमांप्रमाणे आठवड्याला एकूण तासभर तरी भेटीची सोय ठेवावी लागते. भेट काचेपलीकडून असेल किंवा पडद्यावर, आधी नाव नोंदवावं लागेल, कपड्यांचे नियम असतील. बिनबाह्यांचं घालून गेलात तर दारातून परत पाठवतील, आणि तासभर गाडी चालवून आल्यावर ते फार लागतं.

राहिल्या सासूबाई. तुम्ही यावर सल्ला मागितलेला नाही, पण पत्राचा शेवट त्यांच्यावरच आलाय. त्यांना सांगायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार तुमचाही नाही आणि यजमानांचाही, तो दिरांचा. शनिवारी त्यांना एवढंच विचारा: 'आईंना कोण सांगणार?' ते म्हणतील, बाहेर आल्यावर बघू. त्यावर म्हणा, पत्र लिही, मी वाचून दाखवीन, आणि पाठवायचं की नाही ते तूच ठरव. परगावच्या कुठल्या तरी ओळखीच्या माणसाकडून त्यांच्या कानावर जाण्याआधी त्यांनी ते मुलाच्या शब्दांत ऐकलेलं बरं. सांगलीतल्या बायकांना आपण समजतो तेवढं नाजूक समजू नये, माझी आई तिथलीच होती.

सुटकेच्या दिवसाचं एक. जेलमधून माणसाला दुपारी बारा वाजता हार घालून सोडत नाहीत. कागदपत्रं होता होता मध्यरात्र उलटते, कधी पहाट. फोनची बॅटरी मेलेली असते, आणि तुमच्या दिरांचा परवाना अशा गुन्ह्यानंतर काढून घेतलेला असणार. न्यायला यजमानांनीच जावं असं मला वाटतं. गाडीत काही बोलले नाहीत तरी चालेल. आणि जाताना एक जाडसं जॅकेट घ्या. दीर कोर्टातून आत गेले तेव्हा ऑगस्ट होता, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट असणार, बाहेर पडताना तोच परत मिळेल.